यकृतातील साखर आणि कलकत्त्याची पटकी

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात यकृत एका प्रकरणात असते आणि पटकी दुसऱ्या. पहिले प्रकरण जीवरसायनाच्या प्राध्यापकांनी शिकवावयाचे, दुसरे जंतुशास्त्राच्या. विद्यार्थी दोन्ही विषयांची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी देतो आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंकाही त्याच्या मनात येत नाही. वस्तुतः यकृतातून रक्तात साखर सोडण्याचा हुकूम ज्या विकराच्या हातून सुटतो, त्याच विकराला आतड्यात वेठीस धरून पटकीचे विष माणसाचा प्राण घेते. हा संबंध उघडकीस आणणाऱ्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा कलकत्त्यात कातला गेला. आणि तो कातणाऱ्या शास्त्रज्ञाची त्याच्या हयातीत त्याच्या देशाने फारशी दखल घेतली नाही. ज्ञानाची खात्यांप्रमाणे वाटणी करण्याची सवय किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

साखरेचे कोठार

निरोगी प्रौढ मनुष्याच्या एकंदर रक्तात एका वेळी जी साखर असते ती जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी. मेंदू मात्र एकटाच दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो. या हिशोबाने रात्रीचे जेवण पचून गेल्यावर रक्तातील साखर तासाभरातच संपावयास हवी आणि झोपलेला मनुष्य पुन्हा जागा होऊ नये. तसे होत नाही, कारण रक्तातून जितकी साखर जाते तितकी यकृत रात्रभर पुरवीत असते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८४८ साली दाखवून दिले की, ज्या कुत्र्याला केवळ मांसाहारावर ठेवले आहे त्याच्याही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असते. तोवर साखर केवळ वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती नुसती खर्च करतात, असा समज होता. पुढे १८५७ साली बेर्नार यांनीच यकृतात साठविलेला पिष्टासारखा पदार्थ वेगळा काढला. त्याला ग्लायकोजेन म्हणतात.

यकृताजवळ साखर पुरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, साठविलेले ग्लायकोजेन फोडण्याचा. प्रौढाच्या यकृतात हा साठा साधारणपणे १०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि एका दिवसाच्या उपासात तो जवळजवळ संपतो. दुसरा मार्ग, नवी साखर घडविण्याचा. स्नायूंतून आलेले लॅक्टिक अम्ल, प्रथिनांतून सुटलेली अमिनो अम्ले आणि चरबीतून निघालेले ग्लिसरॉल यांपासून यकृत ग्लुकोज बनविते. या दोन्ही मार्गांवरील प्रत्येक पायरी एकेक विकर, म्हणजे एंझाइम, चालविते. शेवटची पायरी ओलांडून साखर पेशीबाहेर सोडण्यास ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नावाचे विकर लागते. ते यकृतात असते, स्नायूंत नसते. म्हणून स्नायूंतील ग्लायकोजेन स्नायूंच्याच उपयोगी पडते, आणि यकृतातील साऱ्या शरीराच्या.

आता प्रश्न असा की, साखर केव्हा सोडावयाची आणि केव्हा थांबावयाचे, हे यकृताला कळते कसे? रक्तातील साखर उतरू लागली की स्वादुपिंडातून ग्लुकागॉन हे संप्रेरक पाझरते. भय वा श्रम यांच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन येते. ही दोन्ही संप्रेरके यकृतास साखर सोडावयास लावतात. परंतु ग्लुकागॉन यकृताच्या पेशीत शिरून ग्लायकोजेनला हात लावीत नाही. मग बाहेरचा निरोप आत पोहोचतो कसा, हे कोडे १९५० च्या दशकापर्यंत सुटले नव्हते.

अर्ल सदरलँड यांनी सेंट लुइस येथे कार्ल व गर्टी कोरी यांच्या प्रयोगशाळेत या विषयाचे धडे घेतले होते. ग्लायकोजेन फोडणाऱ्या फॉस्फोरिलेज या विकराचा अभ्यास कोरी दांपत्याने केला होता आणि त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला होता. सदरलँड पुढे क्लीव्हलंड येथे गेले आणि तेथे थिओडोर रॉल यांच्यासह त्यांनी एक साधाच प्रयोग केला. प्राण्यांच्या यकृताचा लगदा करून त्यात संप्रेरक घातले, तेव्हा फॉस्फोरिलेज कार्यक्षम झाले. मग लगदा वेगाने फिरवून त्यातील जड कण, म्हणजे पेशीपटलाचे तुकडे, काढून टाकले. उरलेल्या द्रवावर संप्रेरकाचा काहीच परिणाम होईना. उलट, त्या टाकून दिलेल्या तुकड्यांवर संप्रेरक घातले असता एक पदार्थ तयार झाला. तो उकळला तरी नाश पावत नव्हता आणि उरलेल्या द्रवात मिसळताच फॉस्फोरिलेज कामाला लागत होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून चक्रीय एएमपी हा आतला निरोप्या हाती आला. त्याला घडविणारे, पेशीच्या पटलात बसलेले विकर म्हणजे अ‍ॅडेनिलिल सायक्लेज. या कार्यासाठी सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या एका विकराचा अंमल केवढा आहे, हे पुढील संशोधनाने दाखविले. ग्लुकागॉनचा रेणू पेशीच्या दाराशी आला की अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चक्रीय एएमपीचे अनेक रेणू तयार करते. ते दुसऱ्या एका विकराला जागे करतात, ते तिसऱ्याला, आणि अखेरीस फॉस्फोरिलेज ग्लायकोजेन फोडू लागते. त्याच वेळी ग्लायकोजेन साठविणारे विकर थांबविले जाते, साखर जाळणाऱ्या पायऱ्या मंदावतात, नवी साखर घडविणाऱ्या पायऱ्यांना वेग येतो, आणि पेशीकेंद्रातील जनुकांनाही ती विकरे अधिक प्रमाणात बनविण्याची आज्ञा होते. दुसऱ्या बाजूने, फॉस्फोडायएस्टरेज नावाचे विकर चक्रीय एएमपीचा नाश करीत असते आणि यकृतात इन्सुलिन त्याला बळ देते. हुकूम जितक्या तातडीने सुटावा, तितक्याच तातडीने तो मागेही घेतला जावा, अशी ही व्यवस्था आहे. तिचे सारे मर्म या मागे घेण्यात आहे. जो हुकूम कधीच मागे घेतला जात नाही तो किती घातक ठरतो, हे यकृताने नव्हे, तर आतड्याने शिकविले. आणि तो धडा प्रथम कलकत्त्यात वाचला गेला.

कलकत्त्यातील प्रयोग

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात येऊन पटकीच्या जंतूंचे निरीक्षण केले आणि हे जंतू एखादे विष निर्माण करीत असावेत असे अनुमान मांडले. त्यानंतर पाऊणशे वर्षे ते विष कोणास सापडले नाही. जंतू मेल्यावर त्यांच्या देहातून सुटणारे विष रक्तात भिनते, किंवा आतड्याचे अस्तर सोलून निघते, अशा कल्पना प्रचारात होत्या. जंतू प्राण्यांच्या रक्तात टोचून पाहण्याचे प्रयोग झाले. परंतु पटकीचे खरे लक्षण, म्हणजे तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब, त्यांतून उत्पन्न होत नव्हते.

शंभूनाथ डे हे जंतुशास्त्रज्ञ नव्हते. ते विकृतिशास्त्रज्ञ होते. हुगळी जिल्ह्यात १९१५ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण कलकत्ता मेडिकल कॉलेजात झाले आणि लंडन येथे रॉय कॅमेरन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यांनी प्रश्न वेगळ्या ठिकाणी विचारला. रोग आतड्यात होतो, तर विषाचा शोध रक्तात का घ्यावा? ससा घेऊन त्याच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांस दोऱ्याने बांधावयाचा, आणि त्या बंद पिशवीत पटकीचे जंतू सोडावयाचे. दुसऱ्या दिवशी ती पिशवी पाण्याने तट्ट फुगलेली दिसे. डी. एन. चटर्जी यांच्या सहकार्याने केलेले हे काम १९५३ साली प्रसिद्ध झाले. मग १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. जंतू ज्या द्रवात वाढविले होते तो गाळून, जंतूंचा लवलेशही न ठेवता, पिशवीत घातला तरी ती फुगते, असे त्यात दाखविले होते. अर्थात विष जंतूच्या देहात अडकलेले नसून तो ते बाहेर टाकतो, आणि ते आतड्यावरच काम करते.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतूनही पटकीतील विषाच्या कार्याचा पुरावा पुढे आला. ज्या वाल्डेमार हाफकिन यांचे नाव त्या संस्थेस आहे, त्यांनीही आपल्या पटकीच्या लशीचे प्रयोग १८९४ साली कलकत्त्यात केले होते, हे येथे आठवते. तात्पर्य, भारतीय प्रयोगशाळांत, साध्या साधनांनी, जगाला पाऊणशे वर्षे न सुटलेला प्रश्न सुटत होता.

दोन धागे जुळतात

क्लीव्हलंड येथील यकृताचा लगदा आणि कलकत्त्यातील सशाचे आतडे यांचा मेळ बसावयास आणखी दहा-बारा वर्षे लागली. चक्रीय एएमपी आतड्यातील क्षारांची ये-जा पालटतो, असे १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. १९६९ साली पटकीचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. १९७१ च्या सुमारास सिद्ध झाले की, हे विष आतड्याच्या पेशींतील अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चेतविते. यकृतात ज्या विकरामुळे साखर सुटते, त्याच विकरामुळे आतड्यात मीठ व पाणी सुटते. विकर एकच, पेशी निराळी म्हणून फळ निराळे.

फरक आहे तो हुकूम मागे घेण्यात. पेशीच्या दाराशी आलेला निरोप विकरापर्यंत नेणारे एक मध्यस्थ प्रथिन असते. ते कळीसारखे काम करते. निरोप आला की चालू होते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. पटकीचे विष या प्रथिनाला एक रासायनिक अडसर जोडून टाकते, आणि कळ चालू स्थितीतच अडकून बसते. आतड्याचे अस्तर शाबूत राहते, पेशी जिवंत राहतात, आणि तरीही रोग्याच्या शरीरातून दिवसाला दहा ते वीस लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते. विष रोग्याच्या आतड्यापाशीच थांबते म्हणून यकृताची कळ त्याच्या हाती लागत नाही. परंतु प्रयोगात ते विष यकृताच्या पेशींपर्यंत पोहोचविले असता तेथीलही अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चेतविले जाते.

या मध्यस्थ प्रथिनाची कथा तर दुहेरी ऋणाची आहे. त्याच्या अस्तित्वाची पहिली चाहूल मार्टिन रॉडबेल यांना १९७० च्या सुमारास उंदराच्या यकृताच्या पटलांवर ग्लुकागॉनचा अभ्यास करताना लागली. ते प्रथिन ओळखून काढण्यास पटकीचे विष हेच हत्यार उपयोगी पडले, कारण विष नेमके त्यालाच चिकटखूण करते. रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या अभ्यासाने पटकी उमगली, आणि पटकीच्या विषाने यकृताचा हुकूम कसा सुटतो हे उलगडले. यांपैकी कोणते संशोधन यकृताचे आणि कोणते पटकीचे, हे कोणत्या खात्याने ठरवावे?

एक रास्त आक्षेप

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, हे सारे बुद्धीचे वैभव झाले. परंतु पटकीच्या रोग्याचा जीव वाचविला तो मीठ-साखरेच्या पाण्याने, विकराच्या ज्ञानाने नव्हे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे क्षारजल संपत आल्यावर पाण्यात विरघळविलेले ग्लुकोज, मीठ व सोडा तोंडावाटे पाजला आणि सुमारे तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आणले. त्या वेळी छावणीतील कोणी अ‍ॅडेनिलिल सायक्लेजचे नाव घेतले नसेल.

आक्षेप रास्त आहे. तथापि तो पुरता खरा नाही. कलकत्त्याचेच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली, म्हणजे अठरा वर्षे आधी, पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडावाटे ग्लुकोज व मिठाचे पाणी दिल्याचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याकडे लक्ष दिले गेले नाही. त्याची कारणे अनेक होती. चटर्जी यांच्या वृत्तांतात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, काटेकोर मोजमापे नव्हती. परंतु त्यांहून महत्त्वाचे असे की, हे पाणी आतड्यातून शोषले का जावे, याची उपपत्ती तेव्हा कोणाजवळ नव्हती. आतड्याचे अस्तरच सोलून निघत असेल, तर तोंडावाटे पाजलेले पाणी आत जाणार कोठून? अस्तर शाबूत असते, ग्लुकोज व सोडियम हातात हात घालून पेशीत शिरतात, आणि विषाने अडकविलेली कळ या दाराला लागू पडत नाही, हे १९६० च्या दशकात कळत गेले. मग तोंडावाटे पाणी देण्यास वैद्यकाचा धीर झाला. उपाय हाती असून उपपत्ती नाही म्हणून अठरा वर्षे वाया गेली. त्या वर्षांत किती जीव गेले याची मोजदाद कोण करणार?

जुलाबाने क्षीण झालेल्या बालकांच्या बाबतीत तर यकृत स्वतःच या कथेत येते. ढाका येथील रुग्णालयात झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुलाबासाठी दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे साडेचार टक्के मुलांच्या रक्तातील साखर धोक्याच्या खाली गेलेली आढळली, आणि त्यांपैकी दहांत चार मुले दगावली. त्यांच्या रक्तात ग्लुकागॉन व अ‍ॅड्रेनॅलिन भरपूर होते. म्हणजे यकृताच्या दाराशी निरोप पोहोचत होता. परंतु कित्येक तास पोटात अन्न नसल्याने कोठार रिते झाले होते आणि नवी साखर घडविण्याचे काम बंद पडले होते. विकर हुकूम देऊ शकते, माल निर्माण करू शकत नाही. जुलाब होत असताना मुलाला उपाशी ठेवण्याची जी रीत घराघरांत आहे, तिच्यावर यकृताच्या अभ्यासाने दिलेला हा निर्णय आहे. मिठाच्या पाण्याबरोबर मुलास अन्न द्यावे, तान्ह्यास अंगावरचे दूध पाजीत राहावे, हे सांगणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी जीवरसायनाचे पुस्तक उभे आहे.

आणखी एक गोष्ट. आज कोलकात्यात पटकीहून मधुमेहाची चिंता अधिक घरांत आहे. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात यकृत रात्रभर गरजेपेक्षा अधिक साखर सोडीत राहते. म्हणून काही न खाताही सकाळी रक्तात साखर वाढलेली दिसते, आणि बिचाऱ्या रोग्यावर चोरून मिठाई खाल्ल्याचा आळ येतो. मेटफॉर्मिन हे यावरील सर्वपरिचित औषध यकृताची ही उधळपट्टी आवरते. ते कसे, याविषयी अद्याप एकमत नाही. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, या जातीची औषधे उंदरांच्या यकृतात अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला लगाम घालतात आणि ग्लुकागॉनचा निरोप क्षीण करतात. विकर तेच, प्रश्न मात्र आता तिसऱ्या खात्यात गेला.

उपेक्षेची किंमत

शंभूनाथ डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली स्टॉकहोम येथे पटकीवर भरलेल्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले होते. परंतु १९८५ साली ते वारले तेव्हा भारतातील एकाही विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांच्या नावावर नव्हते. १९९० साली 'करंट सायन्स'ने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला. तो पाहावयास ते उरले नव्हते.

याचा दोष कोणा एकावर ठेवण्यात अर्थ नाही. जंतुशास्त्रज्ञांना ते आपले वाटले नसतील, कारण ते विकृतिशास्त्राचे. जीवरसायनज्ञांना तर सशाच्या आतड्याशी काही कर्तव्यच नव्हते. ज्याचे काम दोन खात्यांच्या बांधावर उगवते, त्याला पाणी घालणे हे कोणाचेच काम नसते. बांधावरचे झाड असेच वाळते.

गरीब देशाने आपला पैसा उपयुक्त संशोधनावरच खर्च करावा, असे आग्रहाने सांगितले जाते. उपयुक्तता पाहू नये असे कोणीही म्हणणार नाही. परंतु उपयुक्तता विषयाच्या नावावरून ठरत नाही. १९५७ साली यकृताच्या लगद्यात पटकीचा प्रश्न कोणास दिसला असता? आणि १९५९ साली सशाच्या फुगलेल्या आतड्यात मधुमेह्याच्या यकृताची किल्ली कोणास दिसली असती? संशोधनाला अनुदान देताना अर्जावरील विषय कोणत्या रकान्यात बसतो हे पाहण्याऐवजी, विचारलेला प्रश्न नेमका आहे काय आणि त्याचे उत्तर प्रयोगाने मिळण्याजोगे आहे काय, एवढे दोन निकष आधी लावले जावेत. डे यांच्या प्रश्नाने ते दोन्ही पार केले असते.

शिक्षणातही एवढे करता येईल की, अ‍ॅडेनिलिल सायक्लेज शिकविताना त्याच तासाला ग्लुकागॉन आणि पटकी या दोहोंचे नाव निघावे, आणि क्लीव्हलंडबरोबर कलकत्त्याचेही. विकराला आपण यकृतात आहोत की आतड्यात, हे ठाऊक नसते. ते आपले काम सर्वत्र सारखेच करते. माणसाने मांडलेल्या भिंती त्याला नाहीत. त्याचा अभ्यास करणाऱ्याने तरी त्या का बांधाव्यात?